उकिडवं बसा आणि हसा

मांडीच्या हाडात सळई घातल्याला वर्ष झालं
की मी फोन लावते.
झोंबाचं सरकारी रुग्णालय, औषधांच्या खोलीमागची बोळकांडी,
एक टेबल, दमटीनं फुगलेली वही,
आणि बॅटरी धरत नाही असा कॅमेरा.
सळया परदेशातून फुकट येतात.
बदल्यात त्यांना फोटो हवे असतात:
एक समोरून, एक बाजूनं,
रोगी उकिडवा बसलेला
आणि हसत असलेला.
किती खाली गेला, किती हसला,
यावरून हाड सांधल्याचा हिशेब.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाच हसू आलं होतं.
मग बघत गेले.
न सांधलेलं हाड माणसाला अर्ध्यावर थांबवतं,
त्याचा हात हवेत भिंत शोधतो,
आणि गुडघा बोलत असताना
तोंडाला खोटं बोलणं जमत नाही.

वायसन मकवाला. कबाझावाला,
म्हणजे सायकलच्या मागच्या सीटवर माणसं, कोंबड्या, पिठाची पोती वाहणारा.
मुलुंगुझीच्या उतारावर लाकडाच्या ट्रकनं उडवला.
त्या महिन्यात त्याच्या मापाची सळई नव्हती.
नऊ आठवडे खाटेला, पायाला दोरी,
दोरीला विटा.
मोडेन पण वाकणार नाही, म्हणतात;
हाड दोन्ही करतं.
डॉक्टर म्सिस्कांनी वाकडं सांधू लागलेलं
पुन्हा मोडलं, मग सरळ केलं.
वर्षानं तो चालत आला,
शेकोटीपाशी बसावं तसा सहज खाली बसला,
टाचा जमिनीला टेकवून.
मी म्हटलं, हसा.
तो म्हणाला, सायकल विकली.
मी म्हटलं, फोटोपुरतं.
तो म्हणाला, त्या विटा मोजून मोजून
मला आता चौदाचा पाढा येतो.
हसला नाही.
वाक: पूर्ण. हसू: नाही.
डॉक्टर खूश, परदेशातून टपालात प्रश्नचिन्ह.

फलेसी चिकोपा, वय सदुसष्ट किंवा सत्तर.
बैलगाडीवरून पडली.
जखम चिघळली, पू झाला, सळई काढावी लागली.
पाय दोन बोटं आखूड.
ती अर्ध्यावरच अडली,
आणि तिथेच, ना उभी ना बसलेली,
इतकी हसली की फोटो हलला.
मका उभ्यानंच कांडायचा असतो, म्हणाली,
बसायचंय कुणाला?
मी हळूच विचारलं, आणि संडासाला?
नातवानं खुर्चीला भोक पाडलंय.
पाहुणे येतात तेव्हा
वर उशी ठेवतो.

एक्केचाळीस नावांपैकी सतरांना फोन लागत नाही.
त्यांच्यासाठी वहीत एक रकाना आहे, 'हरवलेले'.
हरवलेले काही हरवलेले नसतात,
कुणी मोझांबिकच्या बाजूला ऊस तोडत असतं,
कुणी सिम कार्ड बदललेलं असतं,
कुणी मेलेलं असतं, वेगळ्याच कशानं तरी.
लेटनचा फोन एकदा लागला. मुलानं उचलला.
बाबा नाहीत. शेळी सुटली, तिच्यामागे पळालेत.
पळालेत?
हो. उगाच. ती काय सापडायची नाही.
मग पैसे संपले, त्याचे की माझे कोण जाणे.
फोटो नाही, तर नोंद नाही.
मी 'हरवलेले' मध्ये लिहिलं.
नंतर शाई वाळेपर्यंत
पान मिटवलं नाही.

जूनमध्ये, थंडीच्या एका सकाळी,
बाजाराजवळ कुणीतरी घंटी वाजवली.
मागं बसा, मॅडम, चौदाच्या पाढ्यात सूट देतो.
सायकल दुसऱ्याची, रोजावर घेतलेली,
एक पेडल नुसतीच लोखंडी दांडी.
रुग्णालयाच्या चढावर
वायसन सीटवरून उठला, उभ्यानं मारू लागला,
उजवा, डावा, उजवा,
मी दांडा धरून, वही मांडीवर.
काहीतरी बोलत होता वाऱ्यात.
मला फक्त पाठ दिसत होती.